हलगी संगणकात बांधून रचना करावी का?

टिपरू: हलगीची रचना, म्हणजे वाजवायचा तुकडा, संगणकावर करायची तर ध्वनिमुद्रित ठोक्यांचे पॅक सोडा, भौतिक मॉडेल घ्या. पॅकमध्ये एका बोलाचे मोजकेच ठोके असतात. लय चढली की तोच ठोका फिरून येतो आणि कानाला खटकतो. मॉडेलमध्ये कातडंच गणितात मांडलेलं असतं. आदर्श गोल पडद्याची कंपनं मूळ कंपनाच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट येतात. ठोका बरोबर मध्यावर दिला तर यातलं मूळ आणि २.३० वालं तेवढं उठतं. कडेकडे सरकलं की बाकीची जागी होतात. कुठला पॅक देणार हे?

शेकोटी: सोलापुरातली मिरवणूक ऐकलेल्या माणसाला हे पटणार नाही. हलगी शेकतात, वाजवता वाजवता कातडं उतरतं, पुन्हा शेकतात. तुमचं कातडं मात्र अखेरपर्यंत एकाच ताणावर! शिवाय लांब काडी कातड्याला टेकली की घुमारा मरतो, त्याचं काय?

टिपरू: दोन्ही बसवता येतं. स्वर ताणाच्या वर्गमुळाने बदलतो. ताण १० टक्के उतरला की स्वर साधारण ५ टक्के, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली येतो. ही घसरण अख्ख्या तुकड्यावर हळूहळू पसरवा. काडी टेकते तेवढ्या वेळापुरता कंपनाचा क्षय वाढवा. खरी चूक वेगळीच होते: प्रत्येक ठोक्याला मॉडेल शून्यापासून सुरू करतात. मग ते पॅकसारखंच वाजणार. आधीचं कंपन चालू ठेवून त्यातच नवा धक्का मिसळा.

जवारी: पडद्याचं जमेल, तारेचं अवघड. तारेचा आवाज बनवायची कार्प्लस-स्ट्राँगची १९८३ची सोपी रीत घ्या: आवाजाचा छोटा तुकडा फिरवत राहायचा आणि दर फेरीला शेजारच्या नमुन्यांची (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांची) सरासरी काढायची. सेकंदाचे ४४,१०० नमुने भागिले स्वराची वारंवारता, वजा सरासरीच्या फिल्टरचा अर्धा नमुना, इतकी विलंबाची, म्हणजे एका फेरीची, लांबी. ८८० हर्ट्झला ती ४९.६१ येते. सरळ ५० धरली तर तार १३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरते, म्हणून ऑलपास फिल्टरने, म्हणजे आवाजाचा जोर न बदलता फक्त उशीर करणाऱ्या फिल्टरने, अपूर्णांक भरून काढावा लागतो. एवढं करूनही तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझण, निघत नाही. तिथे तार घोडीच्या पसरट पाठीवर टेकते, उठते, पुन्हा टेकते. ती टक्कर मांडल्याशिवाय तंबोरा होत नाही.

शेकोटी: माझा आक्षेप रचनेवरच आहे. मॉडेलवर ठोका कुठेही ठेवता येतो. दुगणीत एक ठोका मध्यावर, पुढचा थेट कडेला, असं एकाच टिपरूला, म्हणजे एका हातातल्या काडीला, लिहिलं तर हात पोहोचत नाही. वादकापुढे असला तुकडा ठेवायचा कसा?

टिपरू: हे मान्य. ठोक्याच्या जागेला उडी मारू देऊ नका. दोन ठोक्यांमधल्या वेळात हात जेवढा सरकेल तेवढीच ती सरकवा, आणि दोन्ही हातांच्या जागा वेगवेगळ्या लिहा.