सिरियलमध्ये किडनी आठवड्यात बदलते, आईंना काय सांगू?

सुदामानगरवाली (इंदूर)
सासूबाईंचं डायलिसिस पावणेदोन वर्षं चालू आहे. हप्त्यातून तीनदा, चार-चार तास. पहिली शिफ्ट, म्हणून पहाटे साडेपाचला ऑटो दारात. संध्याकाळची सिरियल मात्र त्या चुकवत नाहीत आणि सध्या तिच्यातही किडनीच निघालीय. मंगळवारी थोरली सून चक्कर येऊन पडली, शुक्रवारी धाकट्या जावेनं किडनी दिली, सोमवारी बाई नथ घालून फुगडी खेळतेय! लिपस्टिक तर ऑपरेशनमध्येही हलली नाही.

मला हसू आलं. आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्याकडे कुणाला सुचलं नाही गं असं." ह्यांना शुगर, दिरांना बीपी, दोघांनाही डॉक्टरांनी नाही म्हटलंय, हे त्यांना ठाऊक आहे. उरले मी. त्या रात्री झोप नाही लागली.

वर शेजारच्या वहिनी दोन नारळ घेऊन हजर, कारण सिरियलमधली सून नारळपाणी पीत होती. इथे आई दिवसाचं पाणी लोटीनं मोजून पितात, चहा-वरणसुद्धा त्यातच धरून.

सिरियल बंद करू का? तेवढाच त्यांचा विरंगुळा आहे हो.

टेक्निशियनभाऊ (बडोदा)
आधी ते नारळ घराबाहेर काढा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. आपली किडनी ते बाहेर टाकते, यांची टाकत नाही, आणि ते साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. वहिनींना वाईट वाटलं तर वाटू दे.

सिरियलवाले मनगटाला सलाईन लावतात आणि त्याला डायलिसिस म्हणतात. डायलिसिससाठी हातात धमनीला शीर जोडून केलेला फिस्टुला कधी पाहिलाच नसेल त्यांनी.

चहाबाज
नटीला दुसरीकडे काम मिळालं की कोमा, तारखा जुळल्या की शुद्धीवर. कशाला मनावर घेता?

ग्वाल्हेरचे काका
चहाबाज, ज्याच्या घरी आहे तो घेतोच मनावर.

ताई, माझी किडनी बहिणीची आहे. सख्खी बहीण, तरी तपासण्या आणि कागद यांतच महिने गेले. 1994 च्या कायद्यात जवळचे नातेवाईक ठरलेले आहेत: नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. जाऊ त्यात नाही. सूनही नाही. अशांना समितीपुढे जाऊन परवानगी घ्यावी लागते, एका रात्रीत काही होत नाही. हे आईंना सांगा, आणि स्वतःलाही.

सुदामानगरवाली (इंदूर)
काका, सूनही नाही हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आईंना सगळं वाचून दाखवलं. काल वहिनी सिरियल बघायला आल्या, तर आईंनी त्यांचा हात ओढून आपल्या फिस्टुलावर ठेवला. "बघ, कशी गुरगुरतेय. तुझ्या त्या हिरॉईनला आहे का असं?" वहिनींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. नारळ बंटीनं प्यायले.