‘पीएफओए-मुक्त’ तवा आणि कायद्याची व्याप्ती

रानजाई

सात वर्षे वापरलेला नॉनस्टिक तवा गेल्या आठवड्यात टाकून द्यावा लागला. मधोमध, जिथे घावनाचे पीठ प्रथम पडते तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा लेप निघून खालचे अॅल्युमिनियम दिसू लागले होते. नवा घ्यायला गेले तर बहुतेक खोक्यांवर ‘पीएफओए-मुक्त’ असे छापलेले होते. अर्थ विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “ताई, आता सगळे सुरक्षितच येते.” पीएफओए नाही, तर मग लेप कशाचा आहे? आणि पीफास या नावाखाली पीएफओएसारखी, निसर्गात सहजासहजी न विघटणारी हजारो फ्लोरिनयुक्त रसायने मोडत असताना एकेकावर बंदी घालत बसण्याने काही साधते का? आपल्याकडे यासाठी कोणता कायदा आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

वाशिष्ठीकाठ

रानजाई, मी बरीच वर्षे रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. आपल्या जुन्या तव्यावरचा लेप टेफ्लॉनचा, म्हणजे पीफास गटातल्याच पीटीएफई या पॉलिमरचा होता आणि ‘पीएफओए-मुक्त’ नॉनस्टिक तव्यावरही बहुधा तोच असतो. पीएफओए हे ते पॉलिमर तयार करताना वापरले जाणारे सहायक रसायन होते. लेप भट्टीत भाजताना ते जवळजवळ सगळे उडून जाई. पोटात गेलेला लेपाचा कण सहसा न पचता तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला आणि तापमान 260 अंशांच्या बरेच वर गेले, तर मात्र लेपाचे विघटन होऊन घातक वाफा निघू लागतात, म्हणून ते कटाक्षाने टाळावे.

खरी किंमत कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांनी मोजली आहे. अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या परिसरात पीएफओए पिण्याच्या पाण्यात उतरले, आणि तिथल्या हजारो रहिवाशांची माहिती तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने 2012 पर्यंत मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध नोंदवला. त्याच्या जागी ‘जेनएक्स’ हे त्याच गटातले दुसरे रसायन आले, आणि 2017 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील केप फिअर नदीच्या पाण्यात ते सापडल्याचे जाहीर झाले. कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात सहजासहजी तुटत नाही, आणि हा गुण संपूर्ण गटाचा आहे. त्यामुळे एका रसायनावर बंदी आली की त्याचे भावंड कामाला लावता येते. माझ्या मते नियमन गटाचेच झाले पाहिजे.

उत्तरसीमा

मी मिनेसोटात राहते. आमच्या राज्यात 1 जानेवारी 2025 पासून स्वयंपाकाची भांडी, सौंदर्यप्रसाधने, गालिचे, लहान मुलांच्या वस्तू अशा अकरा प्रकारांमध्ये हेतुपुरस्सर घातलेल्या कोणत्याही पीफासला बंदी आहे. कायद्याला अमारा स्ट्रँड या मुलीचे नाव दिले आहे. यकृताच्या दुर्मीळ कर्करोगाशी झुंजत तिने विधिमंडळासमोर साक्ष दिली, आणि 2023 मध्ये, कायदा संमत होण्याच्या काही आठवडे आधी, वयाच्या विसाव्या वर्षी ती गेली. या कायद्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद 2032 ची आहे: तेव्हापासून ज्या उपयोगाला आज पर्याय नाही असे सिद्ध होईल तेवढाच चालू राहील, बाकी सर्व बंद. म्हणजे धोका सिद्ध करत बसण्याचा भार रुग्णावर राहत नाही. गरज सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर जातो.

तिसरीबाजू

सरसकट बंदीबद्दल मला शंका आहे. कृत्रिम रक्तवाहिन्या पीटीएफईच्याच असतात आणि सेमीकंडक्टर उद्योगाचेही या गटावाचून सध्या भागत नाही. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी जानेवारी 2023 मध्ये युरोपसाठी सुमारे दहा हजार रसायनांवर निर्बंध सुचवले, तेव्हा अनेक उपयोगांना मुदतीची सवलतही त्यांनीच सुचवली होती. फ्रान्सने तर 2025 च्या कायद्यातून स्वयंपाकाची भांडी वगळली. पॉलिमर निष्क्रिय असेल तर त्याला वेगळे धरण्यात गैर काय?

वाशिष्ठीकाठ

रुग्णालयातील वापराबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे, पण घावनाच्या तव्याला ती सवलत का मिळावी? पॉलिमर निष्क्रिय असले तरी ते बनवण्याची प्रक्रिया निष्क्रिय नसते.

इटलीतील त्रिस्सिनोच्या कारखान्यात 1960 च्या दशकापासून या गटातील रसायने बनत होती. भूजल दूषित झाल्याचे तिथल्या लोकांना 2013 मध्ये कळले, आणि सुमारे साडेतीन लाख लोक त्या क्षेत्रात राहत होते. 2018 मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला, जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. मधल्या काळात तिथली यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आमच्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. एका देशाने दार लावले की यंत्रे दुसऱ्या दारी येतात, म्हणून आपल्या कायद्यात काय आहे याला महत्त्व आहे.

दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार आपण 2006 मध्ये स्वीकारला, परंतु त्यात नंतर जोडलेले प्रत्येक रसायन आपल्याला स्वतंत्रपणे स्वीकारावे लागते. पीफास गटातलेच पीएफओएस त्या यादीत 2009 मध्ये आले आणि पीएफओए 2019 मध्ये. या करारासाठी आपण केलेल्या 2018 च्या नियमांतील सात रसायनांत पीफास नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकातही त्याची मर्यादा दिलेली नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या साहित्यात पीफास नको असा मसुदा काढला, ही चांगली सुरुवात आहे. मात्र तो पॅकेजिंगच्या नियमांतला आहे, कारखान्याच्या सांडपाण्याला तो लागू होत नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मी बिडाचा तवा आणला आहे. रोज तेल लावून तापवते, पहिली दोन घावने अजून चिकटतात. वाशिष्ठीकाठ, लोट्याच्या आसपासच्या विहिरींचे पाणी पीफाससाठी आधीच तपासून आजचे आकडे नोंदवून ठेवता येतील का?

वाशिष्ठीकाठ

येतील, आणि तेच सर्वांत आधी व्हायला हवे. नेहमीच्या पाणीतपासणीत हे दिसत नाही. त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे पाण्यातील रसायने वेगळी करणारे आणि ती ओळखणारे तंत्र, यांची जोडी असलेली प्रयोगशाळा लागते, नमुने टेफ्लॉनचा भाग नसलेल्या बाटलीतच घ्यावे लागतात आणि खर्च ग्रामपंचायतीला झेपणारा नसतो. म्हणून ही तपासणी शासनाकडून व्हावी, अशा ठरावाचा मसुदा मी या रविवारी लिहायला घेतो. उत्तरसीमा, तुमच्याकडे विहिरींच्या तपासणीचे अहवाल लोकांना कोणत्या स्वरूपात मिळतात ते कळवाल का?