मिक्सर आचके देतोय, कोणी रिपेअरवाला सांगा

ए-४०२ : नमस्कार मंडळी, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर आहे का कोणाकडे? आमचा गेले काही महिने नाटकं करतोय, भांडं डाव्या हाताने दाबून जरा तिरकं धरलं तरच फिरतो, हात काढला की बंद, आणि मधेच ठप्प झाला की उलटा करून खालचं लाल बटण दाबायचं. घरात सासूबाई सोडून कोणाला तो जमत नाही आणि त्या उद्या नणंदेकडे चालल्यात. गौरी तोंडावर आल्यात.

सी-२०२ : आमच्याकडे पण हेच, मी भांड्याच्या कडेला पुठ्ठ्याची घडी खोचते, चालतो मस्त

बी-१०१ : नंबर देतो पण तो घरी येत नाही, आपणच घेऊन जायचं. आधी सांगा, आवाज येतो आणि पातं फिरत नाही, की आवाजच येत नाही?

ए-४०२ : दोन्ही होतं काका 🙏

बी-१०१ : मग दोन वेगळी दुखणी आहेत. आवाज येतो पण पातं नुसतं थरथरतं, म्हणजे कपलर झिजलाय. भांडं काढल्यावर मोटरच्या डोक्यावर ते काळं दातेरी चक्र दिसतं ना तो कपलर, दाते गोल झाले की भांड्याला पकड मिळत नाही, म्हणून दाबून धरल्यावर चालतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात मिळेल, जुना काढून बरोबर न्या नाहीतर दुसऱ्याच मापाचा गळ्यात मारतील. आणि काढताना लक्षात ठेवा, बऱ्याच मिक्सरला उलटे आटे असतात, लोक नेहमीच्या सवयीने फिरवतात आणि तो अजून घट्ट बसतो मग पक्कड घेऊन तोडतात.
आवाजच बंद होतो तेव्हा मोटर तापून ते लाल बटण पडतं. ते मोटर वाचवायलाच दिलंय. पडलं की दहापंधरा मिनिटं मिक्सर गार होऊ द्यायचा मग दाबायचं, लगेच दाबून परत चालवला की एक दिवस धूर निघतो.

ए-४०२ : आम्ही लगेचच दाबतो हो, फोडणी करपायला लागलेली असते तिकडे

सी-३०३ : खडेमीठ फिरवा वहिनी मूठभर, पाती धारदार होतात, माझी आई दर महिन्याला करायची

बी-१०१ : मिठाने भांडं स्वच्छ होतं, धार कुठून येणार. पण असो, मीठ वाया जात नाही.

डी-५०१ : काय काढता त्याच्यातून एवढं? पुरण?

ए-४०२ : हो काकू, पुरणपण त्यातच

डी-५०१ : मग तो बिचारा काय करणार. गार झालेलं घट्ट पुरण मिक्सरमधून काढायचं नसतं गं, पातं रुततं आणि मोटर कण्हायला लागते. गरम असताना पुरणयंत्रातून काढ, नाहीतर चाळणीवर वाटीने घास. माझ्याकडे पितळेचं पुरणयंत्र आहे, गौरींना घेऊन जा पण परत दे, गेल्या वेळी बी विंगला गेलेलं संक्रांतीला आलं.

सेक्रेटरी : सर्वांना विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. गुरुवारी पाणी येणार नाही, बुधवारी रात्री भरून ठेवणे.

सेक्रेटरी : काका तो कपलर साधारण केवढ्याला मिळतो? आमचापण असाच करतोय

बी-१०१ : फार नाही हो, शंभराच्या आत बाहेर. चहाच्या गप्पांत सांगतो, ग्रुप सूचनांसाठी आहे ना 😀

सी-३०३ : वहिनी ठिणग्या दिसतात का मागच्या जाळीतून?

ए-४०२ : दिसतात! निळ्या. चिरंजीव लाईट बंद करून बघायला येतात, आणि काल तर जळका वासपण आला, शिवाय चटणीत खाली काळपट पाणी उतरलं होतं, ती टाकूनच दिली.

बी-१०१ : काळं येतं ते भांड्यातून. पात्याच्या दांड्याभोवतीची कडी, म्हणजे बुश, झिजलं की तिथून चटणी खाली झिरपते आणि आतलं काळं वर येतं, ते भांडं वापरू नका अजिबात, बुश आणि पातं बदलून मिळतं. ठिणगी बारीक असेल तर चालतं, आत कार्बन ब्रश घासत असतात, ते झिजले तर नवे बसतात, स्वस्त काम आहे. पण पूर्ण गोल कडं पेटल्यासारखं दिसत असेल आणि वर वास, तर बहुतेक आर्मेचर, म्हणजे मोटरचा तांब्याची तार गुंडाळलेला फिरणारा भाग, गेलं. तो वास त्या तारेवरच्या वॉर्निशचा. ते उघडूनच कळेल.

ए-४०२ : दाखवून आणते मग

(रविवार)

ए-४०२ : काकांनी बरोबर सांगितलेलं. त्याने खोलून दाखवलं, तांब्याचा भाग काळाठिक्कर आणि एके ठिकाणी खड्डे पडलेले. आर्मेचर, कार्बन, कपलर, दोन भांड्यांची बुशं, सगळं धरून जवळजवळ निम्म्या नव्या मिक्सरचे पैसे सांगतोय आणि गॅरंटी फक्त तोंडी. आमच्याकडे दोन पार्ट्या झाल्यात, ह्यांचं म्हणणं अजून चालतोय ना मग कशाला, सासूबाई फोनवरून म्हणतात हात लावायचा नाही माझ्या मिक्सरला मी आले की चालेल तो. पण स्वयंपाकघरात वाटण कोण काढतं? मी!

डी-५०१ : घे नवा. सासूबाईंना सांग पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेऊया, लगेच हो म्हणतील

बी-१०१ : नुसता कपलर, ब्रश, बुश असतं तर मीच म्हटलं असतं दुरुस्त करा, ती झिजायचीच कामं आहेत. आर्मेचर जळालं आणि दोन भांडीही गेलेली, मग नवाच. आणि जुन्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनियर होते सत्यप्रकाश माथुर, त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, बंद पडला, तर त्या माणसाने आपल्या मसाल्यांना झेपेल अशी मोटर बनवायला घेतली, त्यातून १९६३ साली सुमीत मिक्सर आला. तेव्हा मिक्सर बदलण्यात परंपरा मोडत नाही!

सी-२०२ : माझ्या आईकडे होता सुमीत, खालच्या मजल्यावर कळायचं आज चटणी आहे

सी-३०३ : १००० वॅटचा घ्या, एकदाच काय ते

बी-१०१ : कशाला? ओल्या खोबऱ्याला, दाण्याच्या कुटाला ५०० पुरतो. गोडा मसाला, इडलीचं पीठ, घट्ट वाटण असेल तर ७५०. वॅट म्हणजे तो वीज किती घेतो, वाटतो कसा ते पात्यावर आणि भांड्याच्या आकारावर आहे. आयएसआयची खूण बघा, आणि खाली लिहिलेलं असतं ३० मिनिटं रेटिंग, त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही, बहुतेक पुस्तिकेत पाच मिनिटं चालू दोन मिनिटं बंद असं दिलेलं असतं.

ए-४०२ : दुकानदार म्हणाला ७५० ला मोठा पॉवर पॉइंट लागेल, वायरमन बोलवा

बी-१०१ : काही नको. साडेतीन अँपिअरसुद्धा घेत नाही तो, साधा ६ अँपिअरचा प्लग भरपूर झाला.

(मंगळवार रात्री)

ए-४०२ : आणला एकदाचा. ७५० वॅट, तीन भांडी. दुकानात आधी चटणीचं भांडं उघडून बघितलं, पातं तळापासून किती वर आहे ते, काही मिक्सरमध्ये दोन चमचे लसूण टाकला की तो पात्याखालीच बसतो नुसता. ह्याचं खाली आहे. मग विचारलं सुटं भांडं, कपलर इथेच मिळतो का आणि सर्व्हिस सेंटर कुठंय, तीन दुकानांत नीट उत्तर नाही, चौथ्याने लगेच कपलर काढून काउंटरवर ठेवला, तिथेच घेतला. मोटरला ५ वर्षं गॅरंटी आहे पण कपलर, ब्रश, रबर त्यात येत नाही, बिलावर शिक्का मारून घेतलाय. आत्ता सुकं खोबरं भाजून, पूर्ण गार करून फिरवलं, हात न लावता! गाठी नाहीत तेल सुटलं नाही

डी-५०१ : आणि सासूबाई?

ए-४०२ : आल्या संध्याकाळी. बटण फिरवलं आणि सवयीने डाव्या हाताने झाकण दाबून उभ्या. म्हटलं आई सोडा हात, चालतो. सोडला नाही. आता म्हणतात आवाज कमी आहे, म्हणजे दम नाही ह्याच्यात.

सी-३०३ : जुना एक्स्चेंजमध्ये दिला का

ए-४०२ : फारच कमी देत होता, नाही दिला. भंगारवाला तांब्यासाठी मागतोय

बी-१०१ : स्वच्छ संस्थेच्या ताई येतात कचरा घ्यायला, त्यांना विचारा, ई-कचरा घेतात त्या. भंगारात गेला की तांबं काढायला वायरी जाळतात. आणि त्याआधी मोठं भांडं बाजूला काढा, ते चांगलं असेल.

सी-२०२ : मोठं भांडं मला द्या वहिनी! माझं गळतंय, बसतं का बघते

ए-४०२ : या घेऊन जा, झाकणाचं रबर मात्र नवं टाका

सेक्रेटरी : मला जुना कपलर हवा होता मापाला, फेकू नका. आणि पुन्हा एकदा, उद्या रात्री पाणी भरून ठेवणे.