ड्रंक अँड ड्राइव्हची दुसरी केस: पंधरा हजार भरून विषय संपतो का?

पिंपळपान

मावसभावाची केस आहे, पुण्याची. २०२२ मध्ये नाकाबंदीत सापडला होता. तेव्हा पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दहा हजार भरले. लायसन्स तीन महिने निलंबित होतं, नंतर परत मिळालं. आता पुन्हा तेच. श्वास तपासायच्या मशीनवर ८६ आलं, तासाभराने सरकारी रुग्णालयात रक्त घेतलं, रात्रीच जामिनावर सोडलं. लायसन्स जप्त करून पावती दिली आहे आणि सध्या तो त्या पावतीवर गाडी चालवतोय. अपघात नाही, कुणाला लागलेलं नाही.

ओळखीतले सगळे म्हणतात की पंधरा हजार भरायचे आणि सुटायचं. काही म्हणतात तीन वर्षं उलटली, म्हणजे ही पहिलीच केस धरतील. लोकअदालतीत निम्म्यात मिटेल असंही एकाने सांगितलं. यातलं खरं काय? जेल होऊ शकते का? आणि लायसन्सचं काय होईल?

काळाकोट

तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. एकेक घेतो.

तीन वर्षांची अट जुन्या कायद्यात होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांत घडला तरच वाढीव शिक्षा लागायची. २०१९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून बदल लागू झाला. आता मधे किती वर्षं गेली याला कलमात जागाच नाही. गोंधळ होतो कारण शेजारच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात, तीन वर्षांची अट अजून आहे.

शिक्षा अशी. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. कैदेला 'पर्यंत' आहे, दंडाला नाही. म्हणून दंड कमी करून मागण्यात अर्थ नाही.

लोकअदालत विसरा. कलम २०० मध्ये तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे, त्यात १८५ नाही. जे तडजोडयोग्य नाही ते लोकअदालतीच्या अधिकारातच येत नाही. हेल्मेट-सिग्नलच्या ई-चलानसारखं हे ऑनलाइन भरून संपत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं.

गुन्हा जामीनपात्र आहे, दुसऱ्यांदा असला तरीही. त्यामुळे खटला सुरू असताना आत जाण्याची भीती नाही, तारखा चुकवून वॉरंट ओढवून घेतलं नाही तर. जेलचा प्रश्न निकालाच्या दिवशी येतो. आणि इथे 'कबूल केलं की दंडच होतो' या समजावर विसंबू नका. कबुली दिली म्हणून कोर्टाचे हात बांधले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवलं होतं की दारूच्या केसमध्ये पहिल्या गुन्ह्यालाही सरकार पक्षाने कैद मागावी. दुसऱ्या केसला सरकारी वकील गप्प बसतील असं धरून चालू नका. कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवण्यापासून खऱ्या कैदेपर्यंत काहीही होऊ शकतं. रीडिंग, अपघात होता की नाही आणि पहिली शिक्षा किती जुनी, हे तिथे बघितलं जातं.

कबुलीचा आणखी एक तोटा. गुन्हा कबूल केल्यावर अपील फक्त शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा यांवरच करता येतं, दोषी ठरवण्यावर नाही. प्ली बार्गेनिंगही (सरकार पक्षाशी वाटाघाटी करून कमी शिक्षेवर मिटवणं) नाही, कारण याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्याला तो मार्ग बंद आहे.

आता करायचं काय. २०२२ च्या केसच्या प्रमाणित नकलेसाठी आजच अर्ज टाका. निकालपत्र, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) आणि दंडाची पावती, तिन्ही हवेत. 'दुसरा गुन्हा' म्हणून वाढीव शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा आणि 'तोच हा माणूस' या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाला सिद्ध कराव्या लागतात. नावात, वडिलांच्या नावात, पत्त्यात फरक असतो, कधी कलमच वेगळं लिहिलेलं असतं. निकालात नक्की काय आहे हे वकिलाला पहिल्या तारखेआधी माहीत हवं. ज्यांची पहिली केस अजून प्रलंबित आहे त्यांची गोष्ट वेगळी, तिथे शिक्षाच झालेली नसते, मग वाढीव शिक्षेवर भांडायला जागा राहते. तुमच्या भावाने २०२२ मध्येच कबूल केलं आहे, ती जागा गेली.

रस्सामंडळ

मशीनची रीडिंग कोर्टात टिकत नाही हो. भांडा, सुटेल.

काळाकोट

टिकते. कलम २०३ मध्येच लिहिलं आहे की श्वासचाचणीचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य आहे. आणि नमुना द्यायला कारण नसताना नकार दिला तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच विरोधात जातो. लोक ज्या जुन्या निकालाचा आधार घेतात तो १९७१ चा आहे, बच्चूभाई हसनअली करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तिथे तोंडाला वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या एवढंच होतं, रक्ताची तपासणी नव्हती. इथे मशीन आहे आणि रक्तही आहे.

सीए_रिपोर्ट

भांडायचंच असेल तर कुठे भांडता येतं ते सांगतो.

मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. मशीन श्वासावरून हिशेब करून तोच आकडा दाखवतं. स्लिपवर मशीनचा क्रमांक, वेळ आणि चाचणी घेणाऱ्याचं नाव आहे का बघा. कॅलिब्रेशनची (मशीन बरोबर मोजतं का या तपासणीची) तारीख स्लिपवर नसेल तर ते प्रमाणपत्र कोर्टामार्फत मागवा. फुंकायच्या आधी पंधरा-वीस मिनिटांत घोट घेतला असेल किंवा माउथवॉश वापरला असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. म्हणून दुसरी फुंक महत्त्वाची. ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी द्यायची असते, दिली का ते विचारा.

रक्ताचं तंत्र १९५९ च्या मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी) नियमांत आहे. शिरेतून किमान ५ मिली रक्त घ्यायचं, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. म्हणजे कातडी पुसायला स्पिरिटचा बोळा चालत नाही. रात्रीच्या ड्युटीवर हीच चूक सहज होते, आणि डॉक्टरांच्या उलटतपासणीत पहिला प्रश्न यावरच असतो. कुपीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं असं दोन्ही द्रव्य हवं. टिकवणारं द्रव्य, म्हणजे सोडियम फ्लोराइड, नसेल तर साठवणीत जंतूंमुळे अल्कोहोल तयार होऊ शकतं किंवा असलेलं कमीही होतं. मग लेबल, लाखेचं सील, सीलचा नमुना सोबत, आणि सात दिवसांत प्रयोगशाळेत पोच. कुपी मधल्या काळात कुठे होती, फ्रीजमध्ये की कपाटात, आणि कुणाच्या सहीने कुणाकडे गेली, ही साखळी तुटली तर रिपोर्टचा जोर कमी होतो. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला. त्यामुळे या साखळीबद्दल विचारलं की आता कुणी हसण्यावारी नेत नाही.

अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडावं लागतं, असं कलम २०२ म्हणतं. सोडावं लागतं म्हणजे कोठडीतून. केस त्याने आपोआप पडत नाही, हे नीट समजून घ्या.

आणि एक साधा हिशेब. १०० मिली रक्तामागे शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं, माणसागणिक १० ते २०. ८६ वरून एक तासाने ७० च्या आसपास, दोन तासांनी ५६. तासाभराने घेतलेलं रक्त ३० च्या खाली येण्याची शक्यता जवळपास नाही. सीए रिपोर्ट (रक्ताच्या रासायनिक तपासणीचा अहवाल) हातात येईपर्यंत काहीच ठरवू नका, पण आशाही फार ठेवू नका. (उलट्या बाजूने: रात्री एक वाजता १२० असलेला माणूस सकाळी सातला जेमतेम ३० वर येतो. सकाळच्या नाकाबंदीत लोक का सापडतात ते यावरून कळेल.)

आरटीओ_खिडकी

सगळे कोर्टाचं बोलतायत. भावाचं नुकसान जास्त होणार ते आरटीओत.

आधी तातडीचं: पावतीवर गाडी चालवणं आजच बंद करा. एरवी पोलिस लायसन्स घेतात तेव्हा पावती काही काळ चालते. पण १८५ मध्ये जप्ती कलम २०६(४) खाली होते आणि तिथे स्पष्ट लिहिलं आहे की या पावतीवर गाडी चालवायचा अधिकार मिळत नाही.

जप्त लायसन्स पोलिसांकडून परवाना अधिकाऱ्याकडे जातं. तिथून कारणे दाखवा नोटीस येते. कलम १९(१अ) प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता (म्हणजे निलंबन), दुसऱ्या किंवा पुढच्याला लायसन्स थेट रद्द. निलंबन आणि रद्द यात लोक गल्लत करतात. निलंबनात मुदत संपल्यावर, रिफ्रेशर कोर्स पूर्ण केल्याचं दाखवून तेच लायसन्स परत मिळतं. रद्द म्हणजे ते लायसन्सच संपलं. आदेशात अपात्रतेचा काळ दिला असेल तर तो संपेपर्यंत नवा अर्ज नाही, त्यानंतर लर्निंगपासून सुरुवात. शिवाय ज्याचं लायसन्स रद्द झालं त्याचं नाव जाहीर करायची मुभाही कायद्यात आहे. ड्रायव्हिंग हेच ज्याचं पोट, त्याच्यासाठी पंधरा हजारांपेक्षा हे कितीतरी जड.

ही कारवाई कोर्टाच्या निकालासाठी थांबत नाही. आणि इथेच लोक हातची संधी घालवतात: पत्ता बदललेला असतो, नोटीस जुन्या घरी जाते, सुनावणीला कुणी हजर राहत नाही, एकतर्फी आदेश निघतो. लायसन्सच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर पत्ता आणि मोबाइल नंबर तपासा. नोटीस आली की लेखी उत्तर द्या: सीए रिपोर्ट अजून नाही, खटला प्रलंबित आहे, उपजीविका गाडीवर असेल तर कंपनीचं पत्र. सुनावणी मागणं हा हक्क आहे. आदेश विरोधात गेला तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील. कुणाकडे करायचं ते आदेशावर असतं, नसेल तर लेखी विचारा.

अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० किंवा दोन्ही. आणि त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

पिंपळपान

धन्यवाद. गाडी बंद करायला सांगतो. अजून दोन गोष्टी. कंपनी त्याला काही महिन्यांत अमेरिकेला पाठवणार आहे, व्हिसा आधीचाच आहे, पासपोर्ट मात्र नूतनीकरणाला आलाय. आणि विम्याचं तुम्ही म्हणालात ते नीट कळलं नाही.

काळाकोट

पासपोर्ट: फौजदारी केस कोर्टात प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारता येतो. पण १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या कोर्टात केस आहे त्याची परवानगी आणली तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. अर्जात केस लपवू नका, पोलिस पडताळणीत ती निघते आणि मग खोटी माहिती दिल्याचं दुसरं लचांड मागे लागतं. कोर्टाच्या तारखेला परदेशात असेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज आधी द्या, तारखेनंतर नाही.

अमेरिकन व्हिसा: व्हिसा अर्जाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा शिक्षा झाली होती का असा प्रश्न आहे, दंडाची केसही त्यात येते. गेल्या पाच वर्षांतली दारूची एक अटक किंवा दहा वर्षांतल्या दोन, एवढ्यावर अर्जदाराला त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. हातात असलेला व्हिसाही अशा अटकेवरून रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. कॅनडा आणखी कडक. डिसेंबर २०१८ पासून तिथे हा गुन्हा गंभीर गुन्हेगारीत मोडतो आणि प्रवेश अडतो. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचारा, विमानतळावर कळण्यापेक्षा बरं.

विमा: दारू पिऊन चालवताना स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर दावा फेटाळला जातो. 'इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस' (२०२१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर रक्त किंवा श्वासचाचणी नसतानाही, इतर परिस्थितीवरून विमा कंपनी हे दाखवू शकते असं म्हटलं. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर तिला कंपनीने आधी द्यावं आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावं, असे आदेश होतात. ती रक्कम लाखांत असते.

आणि पुढच्या वेळी कुणी मेलं तर प्रश्न १८५ चा राहत नाही. मुंबईत कार्टर रोडच्या २००६ च्या अपघातात सात मजूर गेले. त्याच अपघाताच्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखालची तीन वर्षांची सक्तमजुरी कायम ठेवली. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १०५ आहे. दारूच्या धोक्याची जाणीव माणसाला होती हे दाखवायला आधीची शिक्षा सरकारी वकिलाच्या फार कामाची.

रस्सामंडळ

बरं, गाडी बंद होती आणि तो नुसता आत बसला होता असं सांगितलं तर?

काळाकोट

कलमात 'चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न' असे शब्द आहेत. खरोखर पार्क केलेल्या गाडीत झोपला असेल तर मुद्दा आहे. नाकाबंदीत थांबवलेल्या गाडीत तो मुद्दा कुठून येणार? पंचनाम्यात जागा, वेळ, इंजिन, सगळं लिहिलेलं असतं, आणि मशीनच्या स्लिपवर त्याची सही आहे.

पिंपळपान

एक शेवटचं. डिजीलॉकरमध्ये त्याचं लायसन्स अजून दिसतंय. ते दाखवून चालवता येईल असं तो म्हणतोय.

आरटीओ_खिडकी

नाही. जप्ती लायसन्सची झाली आहे, प्लास्टिकच्या कार्डाची नाही. अ‍ॅपमध्ये दिसतंय याचा अर्थ नोंद अजून वर चढलेली नाही, एवढाच. चढली की पुढच्या नाकाबंदीत मशीनवरच दिसेल, आणि अपात्रतेचा आदेश निघाल्यावर चालवली तर १८२ ची केस वेगळी लागेल.