मदत हवी आहे: घरी बनवलेला ड्रोन लॅप टायमर गेटजवळचं वळणही लॅप धरतो

मंडळी,

एफपीव्ही ड्रोनच्या (कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायच्या) शर्यतींसाठी घरीच लॅप टायमर, म्हणजे प्रत्येक फेरीची वेळ मोजणारं यंत्र, बनवतोय. बराचसा झालाय, पण एका जागी गाडं अडलंय. कुणी असं यंत्र बनवलं असेल किंवा कुणाला रेडिओ, अँटेना यांतलं कळत असेल तर कृपया मार्ग सुचवा.

आधी रचना सांगतो. ड्रोनवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर ५.८ गिगाहर्ट्झवर सतत चित्र पाठवत असतो. ड्रोनवर वेगळं काहीच न लावता त्याच सिग्नलचा जोर मोजायचा, आणि जोर शिखरावर पोचला की ड्रोन गेटमधून गेला असं धरायचं. रिसीव्हर म्हणून आरएक्स५८०८ मॉड्यूल, मोजायला ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर). चॅनल एसपीआयवरून (चिप एकमेकींशी बोलतात त्या तारांवरून) बदलतो. मॉड्यूलची आरएसएसआय पिन (सिग्नलचा जोर व्होल्टेजमध्ये देणारी) थेट ईएसपी३२च्या एडीसी१ गटातल्या पिनवर दिलीय; एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग. एडीसी२ टाळलं, कारण वायफाय चालू असताना ते नीट वाचता येत नाही आणि मला वेळा फोनवर वायफायनेच बघायच्यात. आम्ही रेसबँडवर (शर्यतींसाठीच्या आठ चॅनलवर) उडवतो, म्हणजे आर१ला ५६५८ मेगाहर्ट्झ आणि पुढे दर चॅनलला ३७ मेगाहर्ट्झ जास्त, आर८ला ५९१७. सगळे ॲनालॉग, सगळ्यांची पॉवर २५ मिलिवॉट.

कोडमध्ये दोन मर्यादा आहेत. आकडा वरच्या मर्यादेपलीकडे गेला की ड्रोन गेटमध्ये शिरला, खालच्या मर्यादेखाली आला की बाहेर पडला, आणि त्या दरम्यान सर्वांत मोठा आकडा जेव्हा दिसला तो लॅपचा क्षण. शिवाय किमान लॅप वेळ ५ सेकंद, म्हणजे एकच ड्रोन लागोपाठ दोनदा मोजला जाऊ नये.

अडचण अशी की गेटपासून साधारण ६ मीटरवर एक हेअरपिन (जवळजवळ उलट फिरवणारं) वळण आहे. टायमर गेटच्या बरोबर खाली, जमिनीवर ठेवलाय, अँटेना उभी. ड्रोन गेटमधून जातो तेव्हा एडीसीचा आकडा १३१०च्या आसपास पोचतो, आणि वळणावर १२६० ते १२८०! एवढ्याशा फरकात मर्यादा बसवायची कुठे? वळण अर्ध्या लॅपनंतर येतं, त्यामुळे ५ सेकंदांची अटही तिथे कामाची नाही.

दुसरं म्हणजे आलेखात गेटच्या जागी एक शिखर दिसायला हवं, तिथे दोन उंचवटे दिसतात. १३०५, मग घसरून ११३०, आणि परत १३१०. दोन्हींत ६० ते ८० मिलिसेकंदांचं अंतर असतं. कधी पहिला उंचवटा मोठा, कधी दुसरा, त्यामुळे लॅपची वेळही तेवढी मागेपुढे होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने ड्रोन एका मिलिसेकंदात जवळपास ३ सेंटिमीटर जातो. चुरशीच्या शर्यतीत हा फरक निकाल फिरवू शकतो, आणि ज्याच्यावर अन्याय होईल त्याला सांगणार काय?

मीडियन फिल्टर लावला, त्यावर लो-पास फिल्टरही लावला. आलेख गुळगुळीत झाला, पण दोन उंचवटे आणि वळणाचा आकडा जिथल्या तिथे. अजून भारी फिल्टर लिहू, की दुखणं हार्डवेअरमध्ये आहे?

प्रतिसाद १

तुमचा कोड मला ठीक वाटतो, फिल्टरच्या मागे लागू नका. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

मधली घसरण अँटेनामुळे आहे. उभी अँटेना आडव्या दिशेला सगळीकडे जोरात पाठवते, पण स्वतःच्या टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच नाही. घेणाऱ्या अँटेनाचंही तेच. तुमचा टायमर गेटखाली, ड्रोन बरोबर डोक्यावर, म्हणजे दोन्ही अँटेना एकमेकींना टोकं दाखवतायत. सर्वांत जवळ आल्यावरच सिग्नल पडतो तो यामुळे. टायमर गेटच्या बाजूला, ड्रोन जातो त्या उंचीवर लावा.

वळणाचं दुखणं म्हणजे रिसीव्हर तुडुंब भरलाय. आरएसएसआयचा व्होल्टेज ढोबळमानाने डेसिबलच्या हिशोबाने चालतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी व्हायला हवेत. दीड मीटर (गेट) आणि ६ मीटर (वळण) यांत १२ डेसिबलचा फरक दिसायला पाहिजे, तो तुमच्याकडे नाहीच. छाटलं गेलेलं टोक कुठलाच कोड परत आणून देत नाही. सिग्नल आत शिरण्याआधीच कमी करा. अँटेनाच्या जागी अगदी छोटी तार लावा किंवा मधे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घाला, आणि मॉड्यूल धातूच्या डबीत ठेवून फक्त गेटकडची बाजू उघडी ठेवा.

खात्री करायची तर प्रोपेलर काढा, ड्रोन हातात धरून १, २, ४, ८ मीटरवर उभे राहा आणि आकडे लिहा. पायऱ्या साधारण सारख्या पडल्या तर रिसीव्हर ठीक. या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते, परावर्तनामुळे हात जरा हलला तरी आकडा उडतो. म्हणून प्रत्येक जागी ड्रोन हळूहळू फिरवून सरासरी घ्या. ट्रान्समीटरवर पंख्याचा वारा सोडा, उभ्या जागी तो फार तापतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो. आरएक्स५८०८चा आरएसएसआय साधारण ०.५ ते १.१ व्होल्टमध्येच फिरतो. एडीसी ११ डेसिबल ॲटेन्युएशनवर (मोजण्याच्या सर्वांत मोठ्या पट्टीवर) असेल तर निम्म्याहून जास्त पट्टी रिकामी जाते. २.५ डेसिबलवर घ्या, तिथे पट्टी सव्वा व्होल्टपर्यंत असते. तुंबलेला रिसीव्हर याने सुटणार नाही, पण मर्यादा बसवायला आकडे जास्त मिळतील.

आणि नुसत्या मोठ्या आकड्यावर विसंबू नका. शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा क्षण धरून त्यांचा मध्य घेतलात तर शिखर वाकडंतिकडं असलं तरी वेळ फार हलत नाही. नमुने घेण्याचं काम ईएसपी३२च्या एका कोअरवर आणि वायफाय दुसऱ्यावर ठेवा, नाहीतर फोनवर पान उघडलं की नेमके तेव्हाचे नमुने गळतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हातात ड्रोन धरून पाहिलं. १, २ आणि ४ मीटरला आकडा जवळपास एकच, ८ मीटरला कुठे तो खाली येतो. म्हणजे निदान अगदी बरोबर होतं.

आता टायमर गेटच्या खांबाला बांधलाय, अँटेनाऐवजी सव्वा सेंटिमीटरची तार आहे आणि मागे-बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा. एडीसी जुन्याच पट्टीवर ठेवलं, म्हणजे आकडे आधीच्यांशी ताडून पाहता येतील. गेटला १२४० आणि वळणाला ९८० येतंय, शिखर एकच. वरची मर्यादा ११५० ठेवली तर वळण त्याच्या आसपासही येत नाही. क्षण धरायला मध्य घेण्याची पद्धत आज रात्री लिहितो, त्यानंतर पट्टी बदलेन.

पुढचा टप्पा चार ड्रोनचा, म्हणजे चार आरएक्स५८०८. आर१, आर३, आर६ आणि आर८ घ्यायचा विचार आहे, म्हणजे शेजारच्या चॅनलचा सिग्नल झिरपणार नाही. चारही मॉड्यूल एकाच डबीत चालतील, की प्रत्येकाला वेगळा कप्पा करावा लागेल? कुणी करून पाहिलं असेल तर मॉड्यूलमध्ये किती अंतर ठेवलं तेवढं सांगा, मी पत्रा कापायला घेतोय.