जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

वडिलांनी फिल्म कॅमेऱ्यासाठी घेतलेला फ्लॅश बरीच वर्षे कपाटात पडून होता. नवे सेल घातल्यावर बारीक शिटीसारखा आवाज चढत गेला, थोड्या वेळाने नारिंगी दिवा लागला आणि चाचणीचे बटण दाबताच लख्ख उजेड पडला. माझा कॅमेरा मिररलेस आहे. जुन्या फ्लॅशमुळे नवा कॅमेरा बिघडू शकतो असे वाचले होते. परंतु हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश लावायच्या खाचेत, बसवून एक फोटो काढला, तो व्यवस्थित आला. आता काळजीचे कारण नाही, असे समजावे का?

उत्तर १

कृपया तसे समजू नका आणि फ्लॅशच्या संपर्कावरील व्होल्टेजचे मोजमाप होईपर्यंत तो फ्लॅश कॅमेऱ्यावर लावू नका. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या की फ्लॅश उडत असे, त्यामुळे त्या संपर्कावर २०० ते ३०० व्होल्ट असले तरी कॅमेऱ्याला सहसा इजा होत नसे. नव्या कॅमेऱ्यात तेच काम इलेक्ट्रॉनिक स्विच करतो, आणि त्याच्या मर्यादेपलीकडचे व्होल्टेज आले तर तो पहिल्याच फोटोला जाईल किंवा पन्नासाव्या, हे सांगता येत नाही. आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात या व्होल्टेजसाठी २४ व्होल्टची मर्यादा धरली आहे. निकॉनच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत २५० व्होल्टचा उल्लेख आहे, तर कॅननच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ६ व्होल्टची सावधगिरी सांगितली जात असे. म्हणून आपल्याच कॅमेऱ्याची पुस्तिका पाहावी. फ्लॅशच्या नावावरही विसंबू नये: व्हिव्हिटार २८३ च्या सुरुवातीच्या नगांत हे व्होल्टेज फार जास्त असे, नंतरच्या नगांत बरेच कमी.

उत्तर २

मोजणे अवघड नाही, मात्र घाई करू नये. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून चालू करा आणि तयारीचा दिवा लागल्यावरही थोडा वेळ थांबा, कारण दिवा लागल्यानंतरही व्होल्टेज चढत राहते. डिजिटल मल्टिमीटर डीसीच्या ६०० व्होल्टच्या किंवा त्याहून मोठ्या टप्प्यावर ठेवून लाल टोक फ्लॅशच्या पायाच्या तळाशी मधोमध असलेल्या संपर्काला आणि काळे टोक पायाच्या कडेच्या धातूला लावा. दोन्ही टोके एकमेकांना टेकली तर फ्लॅश उडेल, म्हणून त्याचे तोंड डोळ्यांपासून दूर असू द्या. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर ध्रुव उलटे आहेत. असा फ्लॅश आकडा लहान असला तरी थेट लावू नये. काट्याचा जुना मीटर वापरू नका, तो स्वतःच वीज ओढतो आणि आकडा फसवा, कमी दाखवतो.

आणखी एक कळकळीची विनंती: फ्लॅश उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा साठा असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच काळ टिकतो.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. दिवा लागला तेव्हा १७१ आणि काही मिनिटांनी १९४ व्होल्ट दिसले. माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली नाही. तरीही वडिलांचा हा फ्लॅश वापरात राहावा, अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर ३

मर्यादा दिलेली नसेल तर २४ व्होल्टच धरून चालावे, म्हणजे हा फ्लॅश थेट हॉटशूवर नको. सर्वांत निर्धास्त मार्ग ऑप्टिकल स्लेव्हचा, म्हणजे जुन्या फ्लॅशला जोडायच्या प्रकाश ओळखणाऱ्या छोट्या उपकरणाचा: कॅमेऱ्यावरील लहान, आधुनिक फ्लॅशचा उजेड पाहून स्लेव्ह जुन्या फ्लॅशला उडवतो आणि कॅमेरा व जुना फ्लॅश यांच्यामध्ये तारच नसते. मात्र कॅमेऱ्यावरील फ्लॅशची पूर्वचमक (फोटोआधी उडणारी छोटी चमक) बंद ठेवा, म्हणजे तो मॅन्युअलवर घ्या, नाहीतर जुना फ्लॅश शटर उघडण्याआधीच उडून जाईल. रेडिओ लहरींनी फ्लॅश उडवणारा रेडिओ ट्रिगरही चालतो, पण त्याचा रिसीव्हर आणि स्लेव्ह या दोघांनाही १९४ व्होल्ट सोसतात का, हे त्यांच्या पुस्तिकांत आधी पाहा. व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर, उदाहरणार्थ वाइन (Wein) कंपनीचा सेफ-सिंक, हाही पर्याय आहे.

त्यानंतर कॅमेरा मॅन्युअलवर आणि मेकॅनिकल शटरवर ठेवा, शटरचा वेग सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटर-वेगाच्या) आत, बहुधा १/२०० सेकंद किंवा त्याहून मंद, घ्या आणि एक्स्पोजर प्रिव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोय) बंद करा, म्हणजे खोलीतल्या मंद उजेडात व्ह्यूफाइंडर काळा दिसणार नाही. फ्लॅशच्या पाठीवर तक्ता असेल तर त्यातील आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) व अंतरावरून अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) काढा. वडिलांनीही तसेच काढले असेल.