फोर्ट कोची-मट्टांचेरी: आई आणि आर्टवाली लेक सोबत, चार दिवस पुरतील की जास्त होतील?

समुद्रपक्षी
नमस्कार मंडळी. जानेवारीत आई (वय 68, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी) आणि लेक (अप्लाइड आर्ट, तिसरं वर्ष) यांना घेऊन कोचीला जायचंय, चार रात्री. मुन्नार, हाउसबोट काही नको, एकाच जागी निवांत राहायचंय. लेकीला फोर्ट कोचीच हवंय कारण तिचे सीनियर बिनालेला (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) जाऊन आलेत. पण ती तर मार्च 2026 मध्ये संपली, मग आता तिथे बघण्यासारखं काय उरतं? ऑफिसात सगळे म्हणतात एक दिवस बास. आईला चालायला जमेल का, जेवणाचं काय, खरंखुरं सांगा.

रंगरेषा
मी दोनदा गेलेय, एकदा बिनाले चालू असताना आणि एकदा नसताना, आणि खरं सांगू, दुसऱ्यांदा जास्त आवडलं. एक दिवस बास म्हणणारे एर्नाकुलमहून (कोचीचा पलीकडचा शहरी भाग) टॅक्सीने येतात, मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी फोटो, सेंट फ्रान्सिस चर्च (1503 चं, वास्को द गामाला 1524 मध्ये आधी इथेच पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले), सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मसाल्याची खरेदी आणि परत. त्यांना गाव दिसतच नाही.

बिनालेचं मुख्य ठिकाण म्हणजे अ‍ॅस्पिनवॉल हाउस, मसाले-काथ्याच्या व्यापाराची जुनी वखार, अगदी पाण्याला लागून. ती एरवी बंद असते, त्यामुळे तिची आशा धरू नका. पण पेपर (म्हणजे मिरी) हाउसचं कॅफे, डेव्हिड हॉल, काशी आर्ट कॅफे इथे बसता येतं, भिंतींवर कोणाचं ना कोणाचं काम लावलेलं असतं. गल्ल्यांतल्या भिंतींवर 'गेस हू' नावाच्या निनावी कलाकाराची चित्रं होती, काही पुसट झालीयेत, शोधत फिरायला लेकीला मजा येईल. आणि तिला हे नक्की सांगा की 12-12-2012 ला बिनाले ज्यांनी सुरू केली ते बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू दोघेही आपल्या मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, आणि मागची, म्हणजे सहावी, निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेसने क्युरेट केली होती. स्टुडंट्स बिनाले पण असते, कॉलेजच्या मुलांची कामं त्यात लागतात, तिने आत्तापासून डोक्यात ठेवावं.

माझ्यासाठी मात्र खरी श्रीमंती मट्टांचेरीत आहे. डच पॅलेस म्हणतात तो मुळात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी नंतर दुरुस्त केला म्हणून ते नाव, आत भिंतभर रामायणाची चित्रं. मी तिथे दीड तास उभी होते, गेरू, पिवळा, हिरवा एवढ्याच मोजक्या रंगांत इतकी गर्दी कशी मावते ते लेकीला बघू दे, घाई करू नका. फक्त वर जायला जिना आहे आणि चपला बाहेर काढाव्या लागतात, आईंचं त्या हिशोबाने ठरवा.

विट्याचा_गलाई
ताई, आमचं गाव विट्याजवळ, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी वडील इकडं आले, मी एर्नाकुलमातच वाढलो. आईंसाठी एकच सांगतो, जाता-येता वॉटर मेट्रो घ्या. एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यापासून फोर्ट कोचीला जाते. धक्का पाण्यावर तरंगता हाय, भरती असू दे नायतर ओहोटी, बोटीची आणि धक्क्याची उंची एकच राहते, गुडघ्याला त्रास नाही. एसी बोट, बॅटरीवर चालते, इथल्याच कोचीन शिपयार्डनं बांधलेली. जुनी सरकारी बोट लय स्वस्त पण पाय उचलून चढावं लागतं. रविवारी रांग मोठी असते, सकाळी जावा.

आणि वार बघून ठरवा!! पॅलेस शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद आणि शुक्रवारी दुपारनंतर पण. दरवर्षी पाहुणे नेमके त्याच दोन दिवशी मट्टांचेरीला जातात आणि कुलूप बघून येतात.

मालवणी_माणूस
जेवणाचं टेन्शन घेऊ नका. मट्टांचेरीत गुजराती रोड आहे, पिढ्यान् पिढ्या राहणारे कच्छी-गुजराती, जैन देऊळ, शांतीलाल मिठाईवाला, ढोकळा-कचोरी सगळं मिळतं. लेक नॉनव्हेज खात असेल तर कायीज रहमतुल्लाची मटण बिर्याणी, पण दुपारी लवकर जा, संपते.

मी माझ्या आईला चेरळाईला नेलं होतं, तिरुमला देवस्वमच्या देवळात. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून जे गौड सारस्वत निघाले त्यातले बरेच इथे आले, घरात अजून कोकणी बोलतात. देवळाबाहेर एक पापडवाली आजी होती, आईने मालवणीत भाव विचारला, तिने तिच्या कोकणीत सांगितला, आणि मग दोघी अर्धा तास तिथेच. सगळं कळत नव्हतं दोघींना, पण माश्याच्या आमटीवर मात्र एकमत झालं. आईला ट्रिपमधलं तेवढंच आठवतं अजून.

ज्यू टाउनमध्ये मात्र मन भरून येतं. 1568 चं सिनेगॉग, खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, प्रत्येक हाताने रंगवलेली, पण माणसं जवळपास सगळी इस्रायलला गेली, आपल्या अलिबागकडच्या बेने इस्रायलांसारखीच. घरांची दुकानं झालीत.

बीच म्हणून जाऊ नका, जलपर्णी आणि कचरा येतो वाहून. संध्याकाळी कट्ट्यावर बसून जहाजं बघायला मस्त.

समुद्रपक्षी
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, आई मालवणचीच आहे हो!! राहायचं कुठे मग?

रंगरेषा
होमस्टे घ्या, तळमजल्याची खोली आधीच मागून ठेवा, जुन्या घरांचे जिने उभे असतात. प्रिन्सेस स्ट्रीटला वर्दळ फार, वेळी नावाचा भाग आहे, त्या बाजूला शांत. मट्टांचेरी तिथून दोन-अडीच किमी, आईंसाठी रिक्षा करा पण आधीच सांगा की दुकानं नकोत. आम्हाला एका रिक्षावाल्याने तीन मसाल्याची दुकानं फिरवली, प्रत्येक ठिकाणी त्याचं कमिशन.

समुद्रपक्षी
मंगळवार ते शनिवार करते, पॅलेस-सिनेगॉग बुधवारी. लेक विचारतेय वेळीला धोबीखाना आहे तिथे बसून स्केच करू देतील का?

विट्याचा_गलाई
देतात, पण आधी विचारायचं, माणसं कामात असतात. डचांच्या काळात सैनिकांचे कपडे धुवायला तमिळनाडूतनं आणलेले वण्णान, म्हणजे धोबी समाजाचे लोक, त्यांचीच पुढची पिढी. कपडे अजून हातानं धुतात, काहीजण कोळशाची इस्त्री वापरतात. दोरीला चिमटे नाहीत, दोरीच्या पिळातच कपड्याचं टोक अडकवतात. ते चित्रात घे म्हणावं. सकाळी लवकर पाठवा, उन्हात सगळे पांढरे कपडे वाळत असतात तेव्हा.